समजून घ्या : इंजिन ऑइल नेहमीपेक्षा जास्त का तापते? सोलापुरात जन्मलेल्या शंतनुराव किर्लोस्करांच्या इंजिनाने शिकवलेला ताळेबंद

मोडनिंब (जि. सोलापूर) : मे महिन्यातली दुपार, तीनची वेळ. पुणे-सोलापूर महामार्गावर टेंभुर्णी मागे पडले होते. मित्राच्या टर्बो पेट्रोल हॅचबॅकच्या स्क्रीनवर इंजिन ऑइलचे तापमान १२४ अंश सेल्सिअस दिसत होते. एरवी याच रस्त्यावर, याच वेगाला ते १०४-१०५ च्या पुढे जात नाही. कूलंटचा काटा मात्र नेहमीसारखा मध्यावर होता आणि एकही लाल दिवा लागलेला नव्हता. मोडनिंबला गाडी बाजूला घेतली. फोनवर दोन सल्ले मिळाले. एकाने जाड ऑइल टाकायला सांगितले. दुसऱ्याने उन्हाळ्यात एवढे चालतेच, असे सांगून पुढे जायला सांगितले. दोघांनीही एक प्रश्न विचारला नाही.

प्रश्न विचारणे मात्र गरजेचे होते. ऑइल मर्यादेबाहेर तापले की फार पातळ होते. बेअरिंगमधला त्याचा थर टिकत नाही आणि धातूला धातू घासतो. तिथून पुढे इंजिन उघडण्याशिवाय पर्याय उरत नाही. उलट, कारण न शोधता एकामागून एक पार्ट बदलले तर पैसे जातात आणि दुखणे तसेच राहते.

गाडी थांबवली तिथून जवळच एका विहिरीवर पत्र्याच्या आडोशाला जुने डिझेल इंजिन होते. विजेची मोटर आल्यापासून बंद पडलेले, पण नेमप्लेटवरचे नाव वाचता येत होते : किर्लोस्कर. कॉलेजच्या लॅबमध्ये याच नावाच्या इंजिनावर आम्ही एक प्रयोग केला होता. गाडीच्या तापलेल्या ऑइलचे निदान करायची पद्धत त्या प्रयोगातच आहे. आणि हे इंजिन घडवणाऱ्या माणसाचा जन्म मोडनिंबपासून तासाभराच्या अंतरावर, सोलापुरात झाला होता.

शंतनुराव किर्लोस्कर कोण होते?

शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापुरात झाला. वडील लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असत. हक्काची बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात सायकलींचे दुकान काढले. तिथून ते कडबा कापायच्या यंत्रांकडे आणि पुढे लोखंडी नांगराकडे वळले.

लोखंडी नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीला विष चढते, असा समज तेव्हा शेतकऱ्यांत होता. यंत्र चांगले असणे एक आणि ते वापरणाऱ्याच्या मनातली शंका फिटणे वेगळे, हा धडा त्या घरात शंतनुरावांना चालता येण्याआधीपासून गिरवला जात होता.

बेळगावातील कारखान्याची जागा नगरपालिकेने घेतल्यावर औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. आज हा भाग सांगली जिल्ह्यात येतो. दगडधोंडे आणि निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर आले तेव्हा शंतनुराव लहान होते. कारखान्याचा भोंगा, भट्टीचा धूर आणि ओतकामाची माती यांच्यातच त्यांचे बालपण गेले.

बोस्टनहून परत माळावर

१९२२ मध्ये शंतनुराव अमेरिकेला गेले. बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून, म्हणजे आजच्या भाषेत एमआयटीतून, त्यांनी १९२६ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. त्या काळी तिथे शिकलेले भारतीय विद्यार्थी मोजकेच होते. परतल्यावर ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात रुजू झाले.

काही वर्षांतच जागतिक मंदी आली. शेतमालाचे भाव पडले आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा राहिला नाही. ज्या कारखान्याचे गिऱ्हाईकच शेतकरी, त्याची विक्री बसली. नांगर, उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रे, पंप असा सगळा माल पावसावर आणि बाजारभावावर अवलंबून होता. त्यामुळे एकाच मालावर विसंबून न राहता लोखंडी फर्निचर आणि लेथसारख्या यंत्रांकडे कारखाना वळला. १९४१ मध्ये हरिहर येथे मैसूर किर्लोस्कर ही मशीन टूल बनवणारी कंपनी सुरू झाली.

खडकीचे इंजिन

विहिरीवर पंप बसवला तरी तो फिरवायचा कशाने? खेड्यात वीज नव्हती आणि डिझेल इंजिने मुख्यतः परदेशातून येत. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बेंगळुरूला किर्लोस्कर इलेक्ट्रिक या दोन कंपन्या स्थापन झाल्या. पंप किर्लोस्करवाडीचा, इंजिन खडकीचे आणि वीज पोहोचेल तिथे मोटर बेंगळुरूची, अशी ही मांडणी होती. इंजिनासाठी ब्रिटिश कंपनीचे तांत्रिक सहकार्य घेतले. विहिरींवर पुढे घराघरात माहीत झालेले एव्ही-१ हे इंजिन मूळ पेटर या ब्रिटिश कंपनीच्या रचनेचे.

कारखाना नुकता मार्गी लागत असतानाच १९४८ आले. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवला गेला. वडिलांनी आयुष्यभर उभारलेले काम राखेत गेलेले बघून पुन्हा सुरुवात करावी लागली. कारखाना पुन्हा उभा राहिला, खडकीची इंजिनेही बाहेर पडू लागली.

शेतकऱ्याच्या ओळखीची इंजिने जड होती, मिनिटाला ६५० च्या आसपास फेरे घेणारी. खडकीचे इंजिन उभे, आटोपशीर आणि १५०० फेऱ्यांचे. जास्त फेरे म्हणजे कमी वजनात जास्त ताकद. पण त्याबरोबर जास्त घर्षण आणि ऑइलवर जास्त भारही आला. आजच्या परफॉर्मन्स कारचे इंजिन ६००० फेऱ्यांच्याही पुढे जाते, तेव्हा हाच व्यवहार कितीतरी मोठ्या प्रमाणावर होत असतो.

लॅबमधला प्रयोग काय सांगतो?

अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये किर्लोस्करचे टीव्ही-१ इंजिन असते. एक सिलिंडर, ८७.५ मिलिमीटर बोअर, ११० मिलिमीटर स्ट्रोक, १५०० फेऱ्यांना ५.२ किलोवॅट ताकद. त्यावर हीट बॅलन्स शीट, म्हणजे उष्णतेचा ताळेबंद काढायचा असतो.

जमेच्या बाजूला जळालेल्या डिझेलची उष्णता. खर्चाच्या बाजूला चार रकाने : शाफ्टवर मिळालेले काम, थंड करणाऱ्या पाण्याने नेलेली उष्णता, सायलेन्सरमधून गेलेली उष्णता आणि शेवटी हिशेबात न आलेली उष्णता. इंधनातल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश भागच कामी येतो. बाकीची पाणी, धूर आणि त्या चौथ्या रकान्यात जाते.

विद्यार्थी असताना आम्ही चौथा रकाना आमच्या चुकांचा समजायचो. प्रत्यक्षात इंजिनाच्या अंगातून हवेत जाणारी उष्णता तिथे असते आणि ऑइलने उचललेली उष्णताही तिथेच लपलेली असते. डॅशबोर्डवर कूलंटचा काटा दिसतो, पण ऑइलचा आकडा बहुतेक गाड्यांत दिसतच नाही. म्हणजे कारच्या मालकासाठीही हा रकाना झाकलेलाच राहतो.

ऑइल तापते म्हणजे नेमके काय होते?

ऑइलला उष्णता दोन वाटांनी मिळते. पहिली, बेअरिंगमध्ये. क्रँकशाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर फिरतो आणि हा थर सतत कातरला जातो. फेरे वाढले की ही उष्णता झपाट्याने वाढते. दुसरी वाट गरम भागांची : पिस्टनची खालची बाजू आणि टर्बोचा शाफ्ट यांना ऑइलच थंड करते. म्हणजे ऑइलचे काम फक्त वंगणाचे नाही, ते इंजिनाचे दुसरे कूलंट आहे.

ही उष्णता बाहेर जाते ती तळाच्या संपमधून आणि ऑइल कूलरमधून. काही कूलर ऑइलची उष्णता कूलंटला देतात, काही थेट वाऱ्याला. मिळणारी आणि जाणारी उष्णता जिथे सारखी होते, त्या आकड्यावर तापमान स्थिरावते. आकडा वर सरकला म्हणजे या ताळेबंदात कुठेतरी बदल झाला आहे.

किती तापमान ठीक?

साध्या प्रवासात ९० ते ११० अंश हे बहुतेक गाड्यांचे नेहमीचे घर. ऑइल फार थंड राहणेही चांगले नाही, कारण त्यात मिसळलेले पाणी आणि पेट्रोल उडून जायला उष्णता लागते. जोरात चालवताना चांगले सिंथेटिक ऑइल काही काळ १२०-१३० अंशही सहन करते. त्यापुढे सतत राहिले तर वेग कमी करावा. अंतिम मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमधलीच मानावी.

म्हणजे मोडनिंबला दिसलेला १२४ हा आकडा स्वतःत घाबरवणारा नव्हता. खटकत होती ती वीस अंशांची वाढ. रस्ता सपाट, वेग तोच, फरक फक्त उन्हाचा. बाहेरची हवा दहा अंशांनी तापली तर ऑइलही काही अंश वर जाईल, पण वीस नव्हे.

निदान कसे करायचे?

टीव्ही-१ वरचा ताळेबंद कारला लावला, तर क्रम असा होतो.

१. आधी आकडा खरा आहे का ते बघा. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू करा आणि ओबीडी स्कॅनरवर ऑइल, कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान बघा. तिन्ही जवळपास सारखे हवे. ऑइलचा आकडाच वेगळा असेल तर संशय सेन्सरवर किंवा वायरिंगवर. काही गाड्यांत ऑइलचा सेन्सरच नसतो, संगणक अंदाजाने आकडा दाखवतो. तुमच्या गाडीत काय आहे ते विचारून घ्या.

२. डिपस्टिक बघा. ऑइल कमी असेल तर तीच उष्णता कमी ऑइलमध्ये साठते. जास्त असेल तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि तापमान वाढते. पेट्रोलचा वास येतो का, मागच्या सर्व्हिसला कोणत्या ग्रेडचे ऑइल भरले, हेही तपासा.

३. कूलंटशी तुलना करा. डॅशबोर्डवरच्या काट्यावर जाऊ नका, बऱ्याच गाड्यांत तो एका मोठ्या पट्ट्यात मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. खरा आकडा स्कॅनरवर बघा. दोन्ही वाढले असतील तर रेडिएटर, पंखा, वॉटर पंप, थर्मोस्टॅट यांच्याकडे वळा. उसाच्या भागात धूळ आणि पाचटाचे तुकडे रेडिएटरच्या जाळीत बसतात. ऑइलच एकटे वाढले असेल तर ऑइल कूलर, त्याचा थर्मोस्टॅट आणि त्याच्यापर्यंत जाणारी हवा तपासा.

४. फेऱ्यांची चाचणी घ्या. सपाट रस्त्यावर, कायद्याच्या वेगमर्यादेत राहून, एकाच वेगाने आधी खालच्या आणि मग वरच्या गिअरमध्ये दहा-दहा मिनिटे चालवा. फेरे कमी केल्यावर आकडा पटकन उतरला, तर ऑइल थंड होण्याची वाट बरीचशी शाबूत आहे, पण ती जास्तीच्या भाराला पुरत नाही. आकडा हललाच नाही तर कूलर बंद पडल्याची किंवा सेन्सर चुकल्याची शंका जास्त.

५. अलीकडे गाडीत काय बदलले? इंजिनाचे रिमॅपिंग, मोठा इंटरकूलर, वेगळी ग्रिल, बंपरचे काम, इंजिनाखालचे आवरण काढणे. रिमॅपिंग जास्त उष्णता निर्माण करते. बाकीचे बदल हवेची वाट अडवू किंवा चुकवू शकतात.

६. हे सगळे ठीक निघाले तरच इंजिनाच्या आत संशय घ्या. गरम इंजिन आयडलला असताना मेकॅनिकल गेजने ऑइल प्रेशर मोजून घ्या. कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणीतून पिस्टन रिंगची अवस्था कळते. ऑइलचा नमुना तपासला तर बेअरिंगच्या धातूचे कण आहेत का ते दिसते.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच रस्त्यावर पुन्हा आकडा घ्या. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

जाड ऑइल टाकले तर?

थर टिकायला मदत होऊ शकते, पण जाड ऑइल कातरायला जास्त ताकद लागते आणि त्यातून उष्णताही जास्त निर्माण होते. मूळ कारण कूलरमध्ये असेल तर ते झाकले जाते. मॅन्युअलमध्ये परवानगी असलेल्या ग्रेडपलीकडे जाऊ नये. आणि ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर निदान नंतर, आधी गाडी थांबवून इंजिन बंद करा. हा दिवा नसेल आणि फक्त तापमान वाढले असेल, तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू चालवा. गरम टर्बोमध्ये अडकलेले ऑइल त्यामुळे जळत नाही.

विहिरीवरच्या इंजिनाची उलटी तक्रार

शेतातल्या इंजिनाची गंमत अशी की तिथे दुखणे अनेकदा उलटे असायचे. पंपाने उपसलेले विहिरीचे गार पाणीच थेट इंजिनातून फिरवले जाई. इंजिनाला हात लावला तर गार, म्हणून शेतकरी खूश. पण इंजिन गरजेपेक्षा थंड राहिले की डिझेल नीट जळत नाही, खप वाढतो आणि झीजही वाढते. इंजिन शक्य तितके गार ठेवण्याऐवजी योग्य तापमानाला ठेवणे, हे ताळेबंदाचे सूत्र विहिरीवर आणि महामार्गावर सारखेच आहे.

शंतनुरावांची पुढची वाट

खडकीनंतर विस्तार थांबला नाही. १९५८ मध्ये किर्लोस्कर न्यूमॅटिक आली. १९६२ मध्ये अमेरिकेच्या कमिन्स कंपनीबरोबर पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली आणि विहिरीच्या इंजिनापासून अवजड यंत्रांच्या मोठ्या इंजिनांपर्यंतचा टप्पा गाठला गेला. शंतनुरावांनी भारतीय इंजिने परदेशात विकण्यावर भर दिला. उद्योगाने काय आणि किती बनवायचे हे सरकारने ठरवण्याच्या परवाना पद्धतीवर ते उघड टीका करत, आणि त्यासाठी त्यांच्यावरही टीका झाली. १९६५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८२ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र कॅक्टस अँड रोझेस प्रसिद्ध झाले. निवडुंग आणि गुलाब : किर्लोस्करवाडीचा तो माळ आठवावा असे हे नाव.

कार मात्र त्यांच्या हयातीत किर्लोस्कर नावाने निघाली नाही. २४ एप्रिल १९९४ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर तीन वर्षांनी, १९९७ मध्ये, टोयोटाबरोबरची कार कंपनी स्थापन झाली.

मोडनिंबच्या गाडीचे काय झाले?

त्या दिवशी डिपस्टिक पाहिली, ऑइल बरोबर होते. वरच्या गिअरमध्ये सावकाश सोलापूरपर्यंत गेलो, तेव्हा आकडा ११३ पर्यंत उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर तिन्ही आकडे जुळले, म्हणजे सेन्सर खरे बोलत होता. स्कॅनरवर कूलंटही ठीक होते. राहिला प्रश्न, अलीकडे काय बदलले? महिन्यापूर्वी एका गॅरेजात पुढच्या बंपरचे काम झाले होते. या गाडीचा ऑइल कूलर बंपरच्या कोपऱ्यात आहे आणि त्याच्यापर्यंत हवा नेणारी प्लास्टिकची नळी परत बसवलीच गेली नव्हती. हवा कूलरला बगल देऊन निघून जात होती.

नळी बसवली. पुढच्या आठवड्यात तोच रस्ता, तीच वेळ, तोच वेग. मोडनिंबला आकडा १०७ होता.

तुमच्या गाडीत ऑइलचे तापमान दिसत असेल, तर आजच एक काम करा. नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाला, वीस मिनिटांनी दिसणारा आकडा आणि बाहेरचे तापमान फोनमध्ये लिहून ठेवा. नेहमीचा आकडा माहीत असेल, तरच नेहमीपेक्षा जास्त म्हणजे किती हे कळेल.